सायकल हलकी, पण रात्र कुणाच्या दारी?

प्रवासाला निघताना आपल्याकडचा माणूस आधी वळकटी बांधतो आणि मग तिकीट काढतो. सायकलवरून परमुलूख पाहायला निघालेल्या माणसाला मात्र ही चैन परवडत नाही. चढ लागला की पिशवीतला प्रत्येक किलो आपला हिशेब मागतो. म्हणून अंगावरचा एक आणि वाळत घालायचा एक असे कपड्यांचे दोन जोड, पावसाचा डगला, पंक्चरचे सामान आणि कागदपत्रे. पाच-सहा किलोंत सारे बिऱ्हाड! तंबू नाही, अंथरूण नाही, चूल नाही. मौज आहे खरी. पण संध्याकाळचे सहा वाजले की या हलकेपणाची किंमत कळू लागते. ज्याने छप्पर बरोबर घेतले नाही, त्याला ते रोज कुणाच्या तरी दारी मागावे लागते.

मुंबईचे अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. आपण एवढ्या धाडसाच्या वाटेला नको जाऊ या. त्यापेक्षा डॅन्यूबकाठची सोपी वाट धरू. जर्मनीतले पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना, अंतर ३०० किलोमीटरांहून थोडे अधिक. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे घोडे ज्या काठाने चालत, त्या वाटेवरूनच आज बऱ्याच ठिकाणी सायकली धावतात. नदीबरोबर खाली जायचे, त्यामुळे चढही बेताचेच.

या वाटेवर निवारा दोन तऱ्हांचा. एक ‘गास्टहोफ’, म्हणजे खाली खानावळ आणि वर थोड्याशा खोल्या. दुसरा घरगुती, म्हणजे कुणी यजमानीण आपल्या घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देते. फाटकावर ‘त्सिमर फ्राय’ अशी पाटी दिसली, की खोली रिकामी आहे असे समजावे. पाटीवर ‘बेझेट्स्ट’ असेल तर घर भरलेले!

आता अडचण पाहा. बहुतेक सायकलस्वार पासाऊहूनच निघतात, एकाच दिशेने जातात आणि एकाच सुमारास थकतात. साहजिकच श्ल्योगेन, ग्राइन, मेल्क अशा नावाजलेल्या मुक्कामांवर उन्हाळ्यात गर्दी उसळते. शहाण्याने अशा गावाच्या पाच-सात किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे थांबावे. पलीकडच्या काठावरचे दिवेही खुणावतात. पण छोट्या होड्या संध्याकाळी बंद होतात आणि पूल पुष्कळ लांब असतो. बिछाना डोळ्यांसमोर आणि मध्ये डॅन्यूब, अशी फजिती होऊ नये म्हणून नदी उजेडीच ओलांडावी.

दुसरा शत्रू म्हणजे ‘रूहेटाग’. खेड्यातली खानावळ आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी घेते. चूल थंड, दार बंद! त्यातून रविवार असला तर वाण्याचे दुकानही मिटलेले. पाव, चीज आणि दोन सफरचंदे पिशवीत नेहमी असू द्यावीत. आपल्या शाकाहारी मंडळींना तर हा उपदेश दुप्पट लागू आहे.

घरगुती खोली मागताना यजमानीणबाई कधी कधी कपाळाला आठी घालतात, “एकाच रात्रीसाठी?” त्यात माणुसघाणेपणा नाही. पाहुणा एक रात्र राहो की चार, चादरी तेवढ्याच धुवाव्या लागतात! म्हणून एका रात्रीला थोडे जादा पैसे मागितले तर वाईट वाटून घेऊ नये. एकट्या माणसाला दोघांच्या खोलीचे भाडेही पुष्कळदा जड जाते. ‘ग्रूस गॉट’ म्हणून हसतमुखाने नमस्कार करावा, चिखलाचे बूट बाहेर काढावेत आणि नकार मिळाला तरी लगेच पाठ फिरवू नये. “जवळपास दुसरे घर आहे का?” एवढे विचारावे. शेजारच्या घराला फोन करायला लागतात किती पैसे!

तंबू बरोबर असता तर रानात पडलो असतो, असेही म्हणण्याची सोय नाही. ऑस्ट्रियात जंगलात मालकाच्या परवानगीवाचून तंबू ठोकायला कायद्याने मनाई आहे.

मग सारे मुक्काम घरूनच ठरवून निघावे का? व्हिसाच्या अर्जाला मुक्कामांचे पुरावे जोडावे लागत असल्यामुळे आपल्याला वाट फुटेल तिकडे जाण्याची मोकळीक तशी कमीच. पण ठरलेला बिछानाही जाचक होतो. वादळ आले, गुडघा दुखला, तरी पैसे भरलेले गाव गाठायचेच! यावर उपाय एकच, टप्पे लहान ठेवावेत. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर धरले, तर पंक्चर आणि पाऊस दोन्ही पोटात मावतात आणि उशीर होणार असे दिसताच दुपारीच फोन करता येतो.

आणि एकदा खोली मिळाली, की दिवसाचा शीण कुठल्या कुठे जातो. सायकल कोठारात, कपडे दोरीवर, पाय गरम पाण्यात! वाखाउ खोऱ्यात असाल तर सकाळच्या पावाला तिथल्या जर्दाळूंचा मुरंबाही मिळावा.

बाडबिस्तरा कमी करणे तसे सोपे आहे. मात्र असे हलके होऊन निघणाऱ्याने अनोळखी दाराची घंटा वाजवण्याचा संकोचही घरीच ठेवून निघावे.