महासंगणक व त्यांच्या परिषदा

एक प्रचंड बेरीज शंभर विद्यार्थ्यांनीं वांटून घेतली, तर ती त्वरित होते. मात्र एक जण मागें पडला कीं सर्वांस थांबावें लागतें. महासंगणकाचें सामर्थ्य व अडचण हींच होत. अमेरिकेकडून इच्छित यंत्र मिळेना, तेव्हां पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें याच रीतीनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध केला.

या विद्येचे जाणते १९८८ पासून अमेरिकेंत वार्षिक परिषद भरवितात. १९९३ पासून तेथें व जर्मनींतील परिषदेंत पांचशें वेगवान यंत्रांची यादी जाहीर होते. २०२२ सालीं ‘फ्रंटियर’ या अमेरिकन यंत्रानें सेकंदास दहा परार्धांहून, म्हणजे एकावर अठरा शून्यें यांहून, अधिक गणितें केलीं. वीज मात्र सुमारें २१ मेगावॅट लागली! विजेची काटकसर करणाऱ्या यंत्रांची निराळी यादीहि २००७ पासून निघत आहे.