कोलोरॅडोची तीन मते

७ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. मतदानाचा हक्क असलेल्या दर शंभरांपैकी ऐंशीहून अधिक लोकांनी त्या दिवशी मत दिले. असा उत्साह त्या देशाच्या इतिहासात ना आधी दिसला ना नंतर. अपवाद एकाच राज्याचा. संघराज्यात दाखल होऊन जेमतेम तीन महिने झालेल्या कोलोरॅडोतल्या कुणाही माणसाने राष्ट्राध्यक्षासाठी मत दिले नाही, कारण कुणी ते मागितलेच नव्हते. डेन्व्हरमध्ये नव्या विधिमंडळाचे सभासद जमले, त्यांनी आपापसांत मते घेतली आणि पन्नास विरुद्ध चोवीस अशा फरकाने तीन निर्वाचक, म्हणजे राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, नेमले. तिघेही रिपब्लिकन होते.

पुढे चार महिने सगळा देश मतमोजणीवरून भांडत होता. त्या भांडणावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. कोलोरॅडोचा उल्लेख त्यांत येतो, पण बहुधा चालता चालता. माझ्या मते त्या निवडणुकीची किल्ली तिथेच आहे आणि ती दाखवायला साधी बेरीज-वजाबाकी पुरते.

आधी राज्य कसे झाले ते पाहू. १८५८-५९ मध्ये रॉकी पर्वताच्या पायथ्याशी सोने सापडल्याची हाकाटी झाली, माणसे लोटली आणि १८६१ मध्ये कोलोरॅडो ‘टेरिटरी’ झाला. म्हणजे केंद्राच्या ताब्यातला प्रदेश. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमून यायचा आणि काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला बोलण्याचा हक्क असला तरी मत नसायचे. राज्य होण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले, पण घोडे अडतच राहिले. १८६४ मध्ये लोकांनीच घटना फेटाळली. नंतर लोक तयार झाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी १८६६ आणि १८६७ अशी दोनदा नकाराधिकार वापरून विधेयके परत पाठवली. लोकसंख्या कमी आहे हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. १८७० च्या शिरगणतीत सगळ्या कोलोरॅडोत चाळीस हजारही माणसे भरली नाहीत.

रेल्वे आली, चांदीच्या खाणी लागल्या आणि चित्र बदलले. त्यात १८७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी स्थानिक रिपब्लिकनांना न रुचणारा गव्हर्नर पुन्हा त्यांच्या माथी मारला. पक्षात फूट पडली आणि प्रतिनिधीच्या निवडणुकीत थॉमस पॅटरसन हा डेमोक्रॅट निवडून आला. आयर्लंडमध्ये जन्मलेला, डेन्व्हरमध्ये वकिली करणारा हा तरुण बोलण्यात पटाईत होता. पद हाती येण्याआधीच तो वॉशिंग्टनला गेला आणि आपल्या पक्षाच्या सभासदांना गाठून पटवू लागला: कोलोरॅडोला राज्य करा, ते आपल्याच बाजूने जाईल. स्वतः निवडून आल्याने त्याच्या शब्दाला वजन होते. प्रतिनिधिगृह लवकरच डेमोक्रॅटांच्या ताब्यात जाणार होते, त्यामुळे रिपब्लिकनांनाही घाई होती. दोन्ही पक्षांना तीच तीन मते आपली वाटत होती. ३ मार्च १८७५ रोजी, मावळत्या काँग्रेसच्या अगदी शेवटी, अनुमती देणारा कायदा मंजूर झाला.

त्याच वेळी शेजारच्या न्यू मेक्सिकोचेही विधेयक पुढे होते, पण ते बुडाले. त्याची एक गोष्ट तिकडे अजून सांगतात. न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी स्टीफन एल्किन्स सभागृहात शिरले तेव्हा एका उत्तरेकडच्या सभासदाचे दक्षिणेवर आग पाखडणारे भाषण संपत होते. एल्किन्स यांनी भाषण न ऐकताच त्याच्याशी सौजन्याने हात मिळवला आणि ते पाहून दक्षिणेचे सभासद बिथरले. गोष्ट थोडी रंगवलेली असावी. न्यू मेक्सिकोला त्यानंतर १९१२ पर्यंत वाट पाहावी लागली, एवढे मात्र खरे.

डेन्व्हरमध्ये डिसेंबर १८७५ ते मार्च १८७६ घटना समिती बसली. एकोणचाळीस सभासदांपैकी चोवीस रिपब्लिकन होते आणि पंधरा डेमोक्रॅट. दक्षिणेकडचे स्पॅनिश बोलणारे रहिवासी आणि जर्मन वसाहतकरी यांच्यासाठी घटना इंग्रजीबरोबर त्या दोन भाषांतही छापली गेली. १ जुलै १८७६ रोजी लोकांनी १५,४४३ विरुद्ध ४,०६२ मतांनी ती मान्य केली आणि १ ऑगस्टला ग्रँट यांनी अडतिसाव्या राज्याची घोषणा केली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षे झाल्याचे ते वर्ष, म्हणून ‘सेंटेनियल स्टेट’ हे बिरुद कोलोरॅडोला कायमचे चिकटले.

या घटनेच्या शेवटी संक्रमणकाळाच्या तरतुदींचे एक परिशिष्ट होते. १८७६ साली राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक विधिमंडळ निवडेल आणि त्यापुढे लोक निवडतील, असे त्यात म्हटले होते. कारण वेळ आणि पैसा. राज्याचे अधिकारी निवडायला ३ ऑक्टोबरला एक निवडणूक व्हायचीच होती. पाच आठवड्यांत दुसरी घ्यायची म्हणजे डोंगरातल्या खाणवस्त्यांपर्यंत, हिवाळ्याच्या तोंडावर, पुन्हा सगळा पसारा न्यायचा. कारण पटण्यासारखे आहे. तरीही बहुमतातल्या पक्षाला ते सोयीचे होते हेही नजरेआड करू नये.

कायद्याने यात काही वावगे नव्हते. निर्वाचक कसे नेमायचे हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, असे अमेरिकेची राज्यघटनाच सांगते. प्रजासत्ताकाच्या आरंभी कित्येक राज्यांत हीच रीत होती आणि साउथ कॅरोलिनाने तर ती यादवी युद्धापर्यंत सोडली नाही. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदारच निवडतात, त्यामुळे मराठी वाचकाला यात खटकण्यासारखे काही दिसणार नाही. फरक सत्तेचा आहे. तिथे निवडला जाणारा माणूस सरकार चालवतो आणि सैन्य हलवतो.

ऑक्टोबरच्या निवडणुकीत रिपब्लिकन जॉन राउट गव्हर्नर झाले. एकूण साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मतांत त्यांची आघाडी होती सुमारे आठशे. लोक जवळपास निम्मे निम्मे विभागले होते आणि विधिमंडळात मात्र एका पक्षाला दुसऱ्याच्या दुप्पट मते पडली. लोकांना विचारले असते तरी कोलोरॅडो बहुधा रिपब्लिकनांकडेच गेला असता. पण आठशे मतांची आघाडी फिरू शकते आणि विधिमंडळातले बहुमत फिरत नाही. पॅटरसनचा हिशेब इथे चुकला.

नेमलेल्या तिघांची नावे हर्मन बेकर्ट्स, विल्यम हॅडली आणि ऑटो मिअर्स. यातल्या मिअर्सपाशी थोडे थांबायला हवे. रशियन साम्राज्यातल्या कुरलँडमध्ये, म्हणजे आजच्या लॅटव्हियात, १८४० साली एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. लहानपणीच अनाथ झाला आणि पोरवयातच कॅलिफोर्नियात पोहोचला. यादवी युद्धात सैन्यात राहून तो नैर्ऋत्येत नावाहोंविरुद्धच्या मोहिमेत होता. पुढे दक्षिण कोलोरॅडोत त्याने दुकान थाटले, गहू पिकवला, आणि गहू विकायला न्यायचा तर वाट नाही म्हणून पोंचा खिंडीतून स्वतःच रस्ता काढला. त्यावर टोल बसवला आणि मग रस्ते बांधणे हाच त्याचा धंदा झाला. सॅन हुआन डोंगररांगांतल्या खाणींपर्यंत त्याने इतक्या वाटा कोरल्या की पुढे तो तिथे रेल्वेही बांधू लागला. युट लोकांची भाषा त्याला येत होती. १८७३ च्या ज्या कराराने युटांची खाणींची जमीन गेली, त्याच्या वाटाघाटींत तो होता आणि युटांचे पुढारी ऊरे यांना सालिना हजार डॉलर देण्याची युक्ती त्याचीच मानली जाते. ज्या डोंगरांवर खाणवाल्यांचे पोट भरत होते ते असे मोकळे झाले होते. डेन्व्हरच्या कॅपिटॉलमध्ये रंगीत काचेवर मिअर्सचे चित्र आजही आहे. युटांच्या बाजूने पाहणाऱ्याला ते किती गोड वाटेल, हा वेगळा प्रश्न.

आता बेरीज. देशभरात डेमोक्रॅट उमेदवार सॅम्युअल टिल्डन यांना रिपब्लिकन रदरफोर्ड हेज यांच्यापेक्षा अडीच लाखांहून अधिक मते मिळाली. निर्वाचकांची एकूण मते ३६९, म्हणजे जिंकायला १८५ हवीत. टिल्डन यांच्याकडे वादातीत १८४ होती आणि हेज यांच्याकडे १६५. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना ही तीन राज्ये व ओरेगनचा एक निर्वाचक, अशी वीस मते वादात सापडली. दक्षिणेत काळ्या मतदारांना बंदुकीच्या धाकाने घरी बसवले गेले होते आणि मोजणाऱ्या मंडळांनी मतेच्या मते रद्द केली होती. हात कुणाचेच स्वच्छ नव्हते.

यातून कोलोरॅडो वगळून पाहा. एकूण ३६६ उरतात आणि बहुमताला १८४ लागतात. ती टिल्डन यांच्याकडे होतीच. वीसच्या वीस वादग्रस्त मते हेज यांना देऊन टाकली असती तरी ते १८२ वर थांबले असते. कोलोरॅडो आणखी वर्षभर टेरिटरीच राहिला असता, तर ना आयोग नेमावा लागता, ना रात्री जागाव्या लागत्या.

प्रत्यक्षात वाद सोडवायला काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. निर्णायक पंधरावा म्हणून ज्यांच्याकडे सगळे पाहत होते ते न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस नेमके तेव्हाच इलिनॉयमधून सिनेटवर निवडले गेले आणि बाजूला झाले. जोसेफ ब्रॅडली त्यांच्या जागी आले आणि प्रत्येक वादात निकाल आठ विरुद्ध सात असा हेज यांच्या बाजूने लागला. १ फेब्रुवारी १८७७ रोजी वर्णानुक्रमे मोजणी सुरू झाली तेव्हा कोलोरॅडोची तीन मते बिनतक्रार मोजली गेली. पहिला आक्षेप आला तो फ्लोरिडावर. २ मार्चला पहाटे हेज १८५ विरुद्ध १८४ असे विजयी जाहीर झाले.

किंमत दुसऱ्यांनीच मोजली. पडद्याआड दक्षिणेच्या पुढाऱ्यांशी बोलणी झाली होती. एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियानाच्या राज्यभवनांभोवतीचे केंद्राचे सैनिक हलले आणि मुक्त झालेल्या गुलामांना मतपेटीजवळ मिळणारे संरक्षण संपले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सज्जनांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून, अर्पण केला होता. त्या अर्पणपत्रिकेला चार वर्षे होत होती.

कोलोरॅडोच्या मतदारांनी राष्ट्राध्यक्षासाठी पहिले मत १८८० साली दिले आणि ते रिपब्लिकन गारफिल्ड यांच्याकडे गेले. पॅटरसन पुढे वृत्तपत्राचे मालक झाले आणि १९०१ मध्ये सिनेटवर गेले. विधिमंडळाने निर्वाचक निवडण्याचा प्रसंग त्यानंतर कोणत्याही राज्यात आला नाही, पण तो अगदी जवळ येऊन गेला. डिसेंबर २००० मध्ये बुश आणि गोर यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात असताना फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहाने स्वतःच निर्वाचक नेमण्याचा ठराव मंजूर केला. त्याच रात्री न्यायालयाचा निकाल आला आणि ठराव बाजूला पडला. १८७६ मध्ये कोलोरॅडोने राज्यघटनेतल्या ज्या कलमाचा आधार घेतला, ते आजही तसेच आहे.