किल्लारी : काळी राहिली, पांढरी हलली

मराठवाड्यात गाव म्हणजे काळी आणि पांढरी. पिकाची जमीन ती काळी, घरं उभी असतात ती पांढरी. लातूरच्या दक्षिणेला, औसा तालुक्यातल्या किल्लारीची काळी जागच्या जागी आहे. पांढरी मात्र 1993 नंतर हलली.

गाव तेरणेच्या खोऱ्यातलं. तेरणा पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. हैदराबाद संस्थानातला हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 ला निझामाच्या राजवटीतून सुटला. उस्मानाबाद जिल्ह्यातून 1982 मध्ये लातूर वेगळा निघाला, तेव्हा किल्लारी नव्या जिल्ह्यात आली. नीळकंठेश्वराचं जुनं मंदिर ही गावाची आधीची ओळख.

इथं रानात खणलं की काळा दगड लागतो. घरंही त्याचीच. चिखलात रचलेल्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचं माळवद. भर उन्हाळ्यात आत गारवा असायचा. पण गळू नये म्हणून वर माती पडत राहायची आणि माळवद वर्षागणिक जड व्हायचं.

30 सप्टेंबर 1993 ला गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, तीव्रता 6.2. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीनुसार जवळपास 8,000 माणसं गेली. बहुतेक गेली ती याच भिंतींखाली, याच माळवदांखाली.

जमीन आधी बोलली होती. 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गावाला हादरे बसत होते. पण भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. हातात आलेलं ते वर्ष वाया गेलं, हे आजही टोचतं.

पुढे शास्त्रज्ञांनी इथं 617 मीटर खोल छिद्र घेतलं. 338 मीटरपर्यंत लाव्हाचा खडक, खाली जेमतेम 8 मीटर गाळ आणि मग अब्जावधी वर्षांपूर्वीचा पायाचा खडक. 2002 मध्ये नकाशा बदलला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.

दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या किल्लारीत रस्ते सरळ, घरं सुटी सुटी. किल्लारीला जाणाऱ्यानं एवढं पाहून परत फिरू नये, जुन्या पांढरीवरही जावं. तिथल्या स्मृतिस्तंभापाशी दर 30 सप्टेंबरला लोक जमतात आणि गेलेल्यांना पोलिसांची मानवंदना दिली जाते.