वस्तऱ्याची धार : दगड आणि पट्टा

वस्तरा जरा ओढू लागला की “लाव दगडाला” असे आपण सहज म्हणतो. पुष्कळ वस्तरे दाढीने कमी झिजतात, या घाईनेच जास्त झिजतात. धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा ही दोन्ही साधने दिसायला एकाच कामाची. पण त्यांची कामे अगदी निराळी आहेत. ती ओळखून वागले, तर बापाचा वस्तरा मुलाच्याही कामी येतो.

आधी धार बिघडते कशी, ते पाहा. केस हा पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. मग मऊ केसापुढे पोलाद हरते कसे? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली दाढीची पाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. केस वाकून तिरका भिडला, की धारेचा अगदी बारीक कण उडतो, असे त्यांना दिसले. शिवाय धारेची कड इतकी पातळ, की वापराने ती थोडी इकडेतिकडे वाकतेही.

वाकलेली कड सरळ करणे हे पट्ट्याचे काम. विंचरल्याने केस एका रेषेत येतात ना, तसेच हे. पोलाद जवळजवळ झिजत नाही, म्हणून पट्टा दर दाढीपूर्वी चालतो. दगड मात्र पोलाद घासून नवी कड पाडतो. शेतकरी फाळ शेवटायला रोज लोहाराकडे जातो का? तो बोथटला म्हणजेच जातो. दगडाचेही तसेच. पट्ट्यावर फिरवूनही वस्तरा ओढतच राहिला, तरच दगड काढावा.

आता रीत सांगतो. पट्टा ताणून धरावा. तो ढिला पडला की धार गोल होते. वस्तरा पट्ट्यावर आडवा ठेवून पाठ पुढे आणि धार मागे, असा न्यावा. टोकाला पोचल्यावर धार उचलून पाठीवरच उलटावा, आणि तसाच परत आणावा. असे ४०-५० फेरे पुरेत. जोर मुळीच नको. उलटताना चुकलात, तर पट्टाही कापेल आणि धारही जाईल.

दगडावर नेमके उलटे. तिथे धार पुढे, पाठ मागे. दगड सपाट हवा, पाण्याने ओला हवा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असावीत. पाठीची जाडीच धारेचा कोन राखते. म्हणून पाठ उचलू नये. दगडाचा क्रमांक जितका मोठा, तितका तो बारीक. १००० च्या आसपासचा दगड कड पाडतो. ८००० चा तिला गुळगुळीत करतो. शेवटी पट्टा आहेच.

काम झाल्यावर वस्तरा धुऊन कोरडा पुसावा आणि तेलाचे बोट फिरवावे. पावसाळी हवेत गंज धारेपासूनच सुरू होतो.

शिक्षकांना वर्गात दाखवता येईल असा एक प्रयोग आहे. चाकू आपल्याच हातात ठेवून, धार वर करून उजेडात धरा. बोथट जागा पांढऱ्या रेषेसारखी चमकते. तीक्ष्ण धारेवर प्रकाश परततच नाही. अंगठा फिरवून पाहण्याची गरज उरत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. धार कितीही उत्तम असली तरी ती रोग मारीत नाही. न दिसणाऱ्या रक्तातूनही कावीळ ‘ब’ आणि एच.आय.व्ही. यांची लागण होऊ शकते, आणि चामड्याचा पट्टा उकळून निर्जंतुक करता येत नाही. तेव्हा असा वस्तरा आणि त्याचा पट्टा एकाच माणसाचा असावा. दुकानात बसलात, तर नवे पाते तुमच्यासमोर उघडून घालायला सांगा. कारागिराला त्यात राग येण्याचे कारण नाही. त्यात त्याचेही रक्षण आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा : पट्टा रोज, दगड क्वचित, आणि वस्तरा ज्याचा त्याचा.