बाळाचा पहिला श्वास आणि पाण्याचा ताण

बाळ जन्मले, रडले, की घरातले सगळे निश्चिंत होतात. पण दिवस भरण्याआधी जन्मलेली काही बाळे रडतात आणि थोड्याच वेळात धापा टाकू लागतात. छाती आत ओढली जाते, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतो, ओठ निळे पडतात. अशा वेळी ‘नजर लागली’ म्हणून अंगारा लावणारे आजही आहेत. खरे कारण बाळाच्या फुप्फुसात असते. ते समजून घ्यायला पाण्याच्या एका गुणापासून सुरुवात करू.

पदार्थाचे रेणू एकमेकांना ओढत असतात. ही ओढ जितकी जास्त, तितका पदार्थ उकळायला अधिक उष्णता लागते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. सडक्या अंड्याचा वास ज्याला असतो, त्या हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. तरी त्याच्यात ही ओढ दुबळी असल्याने तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाण्याला १०० अंश लागतात.

पाण्याच्या आतल्या रेणूला शेजारी सगळीकडून ओढतात. पृष्ठभागावरच्या रेणूला मात्र वरून ओढणारे कोणी नसते. तो आत खेचला जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो. हाच पृष्ठताण. अळूच्या पानावर थेंब गोल राहतो तो यामुळेच. पाण्यावर अलगद ठेवलेली सुई तरंगते, आणि साबणाच्या पाण्याचा थेंब टाकताच बुडते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाण्यापासून दूर राहते. असे रेणू पृष्ठभागावर पसरले की पाण्याच्या रेणूंची तिथली ओढ सैल होते.

आता फुप्फुसाकडे येऊ. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात कोट्यवधी इवलेसे वायुकोश असतात. प्रत्येकाच्या आत पाण्याचा पातळ थर असतो, आणि तो थरही आक्रसू पाहतो. फुगा जितका लहान, तितका हा दाब जास्त. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू चिकटल्या की सोडवायला जोर लागतो, तसेच मिटलेले वायुकोश उघडायला लागतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. फुप्फुसातील काही पेशी साबणासारखे काम करणारा स्निग्ध पदार्थ तयार करतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडल्यावरही वायुकोश उघडे राहतात. गर्भात तो साधारण २४ व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो, पण पुरेसा होतो तो ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास जणू पहिलाच असल्यासारखा जोर लावून घ्यावा लागतो. ते थकते.

या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंटची कमतरता असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवले. पण उपचार हाती नव्हता. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. सत्ता आणि पैसा असूनही त्याला वाचवता आले नाही. १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि त्यांचा श्वास सुधारला. आज नवजात अतिदक्षता विभागांत हा उपचार होतो.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे आईला द्यायचे स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्यामुळे बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली हे सिद्ध केले. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती होण्याची शक्यता दिसली, तर डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने १२-१२ तासांनी देतात. औषधाचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून इथे वेळ सर्वांत मोलाची आहे.

घरात गरोदर बाई असेल तर हे ध्यानात ठेवा. ३७ आठवड्यांआधी पोट ठरावीक अंतराने आवळू लागले, कंबर सतत दुखू लागली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. किती आठवडे झाले ते सांगा आणि ‘बाळाच्या फुप्फुसासाठीचे इंजेक्शन लागेल का?’ असे स्पष्ट विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. वैद्यकीय कारण नसताना मुहूर्त गाठण्यासाठी वेळेआधी सिझेरियन करू नका. त्यानेही बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ६० हून जास्त चालला असेल, छाती आत जात असेल, तर त्याला उबदार गुंडाळा आणि लगेच निघा. धुरी, अंगारा, घुटी यांत वेळ घालवू नका. पाण्याच्या रेणूंची ओढ मंत्राने सैल होत नाही; वेळेवर मिळालेल्या औषधाने होते.