वॅटनं लावली वाट!

पहिला बोनस हातात आला की माणूस जरा येडा होतो. माझे मित्र नवा मोबाइल घेतात, गोव्याला जातात. मी सबवूफर घेतला.

गाडी बाबांची, साधी हॅचबॅक. सोमवार ते शुक्रवार ती माझ्यासोबत हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असते. रोज इतका वेळ गाडीतच काढायचा तर गाणी तरी दणक्यात वाजू देत, असा साधा फंडा! दुकानात १२ इंची सबवूफर दिसला, खोक्यावर ठसठशीत '१२०० वॅट मॅक्स'. शेजारी अ‍ॅम्प्लिफायर, त्यावरही '१२०० वॅट मॅक्स'. "एकदम मॅचिंग जोडी आहे साहेब," दुकानदार म्हणाला. साडी-ब्लाऊजचं मॅचिंग बघतात तसं मीही आकड्याला आकडा जुळवला आणि कार्ड स्वाइप केलं.

दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवला, ढोलाचा पहिला ठोका पडला आणि अ‍ॅम्पवर लाल दिवा! सब गप्प. बंद करून चालू केला, परत तेच. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "अ‍ॅम्प छोटा पडतोय, मोठा घ्या." म्हणजे अजून एक बोनस.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेत. त्यांना पार्किंगमध्ये घेऊन आलो.

"मॅक्स विसर. आरएमएस सांग," काका म्हणाले.

मॅन्युअल मी तेव्हा पहिल्यांदा उघडलं. (तुम्हीही उघडत नाही, मला माहितीय.) सब ३०० वॅट आरएमएस, अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ३०० वॅट आरएमएस. आरएमएस म्हणजे सतत देता किंवा सोसता येणारी पॉवर. मॅक्सचा आकडा क्षणभराचा, आणि बऱ्याचदा खोकं विकण्यापुरता. अ‍ॅम्पवर सीईए-२००६ किंवा आताचं सीटीए-२००६ असं लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का डिस्टॉर्शन धरून मोजलेला असतो. त्यावर विश्वास टाकावा.

"मग जमतंय की काका!"

"ओहम बघितलेस का?"

गोची इथेच होती. माझ्या सबला दोन व्हॉइस कॉइल, प्रत्येक ४ ओहमची. दोन्ही पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, सिरीजमध्ये जोडल्या की ८. दुकानातल्या पोरानं पॅरलल जोडल्या होत्या. आणि माझा अ‍ॅम्प ब्रिज केला की ४ ओहमच्या खाली चालत नाही, हे मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलेलं होतं. ओहम निम्मे झाले की अ‍ॅम्पला तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट द्यावा लागतो. तो तापतो आणि जीव वाचवायला प्रोटेक्टमध्ये जातो.

"छोटा नाही पडला रे तो. तू त्याच्यावर दुप्पट ओझं लादलंस."

सिरीजमध्ये ८ ओहम केले तर? अ‍ॅम्प सुखात, पण पॉवर साधारण निम्मी. मजा म्हणजे निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी, कानाला आवाज अर्धा वगैरे होत नाही. काकांनी तेच सुचवलं. मी हट्टानं, थोडं नुकसान सोसून, अ‍ॅम्प बदलून २ ओहमला ३०० वॅट देणारा मोनोब्लॉक घेतला. आज विचाराल तर काकांचं ऐकायला हवं होतं.

पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. बॉनेट उघडून बॅटरीपासून निघालेल्या वायरवरून हात फिरवत म्हणाले, "फ्यूज कुठाय?"

"अ‍ॅम्पला आहे की."

"तो अ‍ॅम्प वाचवतो. वायर कोण वाचवणार?"

ती वायर इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून, रबराशिवाय, थेट ड्रायव्हरच्या बाजूच्या कार्पेटखाली गेली होती. पत्र्यानं कव्हर कापलं असतं तर बॅटरीचा सगळा करंट त्या वायरमधून, आणि मधे अडवायला काहीच नाही. रविवारी आई-बाबा याच गाडीतून साताऱ्याला जाणार होते. माझे हात गार पडले, खोटं नाही सांगत.

हिशेब सोपा आहे. ३०० वॅट द्यायला ८० टक्के एफिशियन्सीचा अ‍ॅम्प ३७५ वॅट ओढतो, भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे २७ अँपिअर. आम्ही ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर टाकली (किटमधली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची निघाली!), बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज लावला, भोकात रबर बसवलं. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडला.

शेवटी गेन. तो व्हॉल्यूम नाही, बरं का! वाढवत गेलात तर अ‍ॅम्प क्लिप होतो आणि सबची कॉइल जळते. तपकीर गल्लीतून मल्टिमीटर आणला, सब काढून ठेवला, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ४० हर्ट्झचा टोन लावला. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. मीटरवर २४.५ व्होल्ट एसी दिसले तिथे गेन थांबवला. नॉब अर्ध्यावरही गेला नव्हता.

रविवारी सकाळी बाबांनी भीमसेन जोशी लावले. तबल्याचा बायाँ असा काही घुमला की ते मिनिटभर चावी फिरवायचीच विसरले. मी खूष. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अरे, डिकीत हे खोकं आहे, बॅगा कुठे ठेवू?"