अर्धशिशी आणि मॅग्नेशियम

अर्धशिशीवर, म्हणजे मायग्रेनवर, दोन तऱ्हांची औषधे दिली जातात: ठणका सुरू झाल्यावर तो शमवणारी आणि ठणक्यांची संख्याच घटावी म्हणून रोज घ्यायची. मॅग्नेशियम या खनिजाची गोळी दुसऱ्या तऱ्हेत मोडते, त्यामुळे डोके दुखू लागल्यावर ती घेणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

मेंदूतील चेतापेशींवर ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचे एनएमडीए नावाचे ग्राहक असतात आणि त्यांच्यामधील वाट एरवी मॅग्नेशियमचा आयन अडवून धरतो. हे खनिज कमी पडले की पेशी लवकर उत्तेजित होतात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्तिदिस लेआँव यांनी १९४४ मध्ये सशांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने सरकणारी, विद्युत्क्रिया मंदावत नेणारी एक लाट वर्णिली होती. काही रुग्णांना डोकेदुखीपूर्वी दिसणाऱ्या नागमोडी चमकांमागे हीच लाट असावी असे मानले जाते, आणि मॅग्नेशियम घटवले असता ती अधिक सहज उठते असे प्रयोगांत आढळले आहे.

प्रत्यक्ष रुग्णांवरील पुरावा मात्र इतका सरळ नाही. जर्मनीत ८१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे झटके नवव्या ते बाराव्या आठवड्यात ४१.६ टक्क्यांनी घटले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे १५.८ टक्क्यांनी; मात्र त्याच वर्षीच्या, दुसऱ्या क्षाराच्या स्वरूपात मॅग्नेशियम दिलेल्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. अमेरिकेतील चेताविज्ञान अकादमीने २०१२ मध्ये या खनिजाला ‘बहुधा परिणामकारक’ ठरवले, आणि हा ‘बहुधा’ विसरून चालणार नाही.

बारामती-इंदापूर पट्ट्यात एक शंका साहजिकच उभी राहते. येथील काळी जमीन मॅग्नेशियमयुक्त बेसॉल्ट खडकाची, अनेक बोअरचे पाणी जड, आणि जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, जिच्या शंभर ग्रॅम धान्यात हे खनिज साधारण १२० ते १३५ मिलिग्रॅम असते (पांढऱ्या तांदळात जेमतेम २०). मग कमतरता कोठून येणार? याचे उत्तर द्राक्षबागायतदाराला ठाऊक असते. जमिनीत मॅग्नेशियम असूनही पालाशाची मात्रा जास्त झाली की मुळांना ते उचलता येत नाही, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो आणि मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करावी लागते. शरीरातही साठा आणि उपलब्धता या वेगळ्या गोष्टी आहेत: प्रौढाच्या देहातील सुमारे २५ ग्रॅमपैकी निम्म्याहून अधिक हाडांत असते, रक्तद्रवात एक टक्काही नसते, म्हणून तपासणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी पेशींत काय आहे ते त्यावरून कळत नाही. शिवाय धान्यातील फायटिक आम्ल शोषण काहीसे रोखते. अर्थात खतांच्या दुकानातील मॅग्नेशियम सल्फेट हे पिकांसाठी असते, पोटात घेण्यासाठी नव्हे.

गोळ्यांमध्ये सायट्रेटचे शोषण ऑक्साइडपेक्षा चांगले होते. जुलाब हा नेहमीचा त्रास आहे, जर्मन चाचणीत तो १८.६ टक्के रुग्णांना झाला. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे खनिज रक्तात साचून धोका निर्माण होतो. गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडच्या किंवा काही प्रतिजैविकांच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच मॅग्नेशियमची गोळी घ्यावी. निदान झाल्यानंतर झटक्यांची तारीखवार नोंद ठेवत तीन महिने गोळी घेऊन पाहावी, आणि नोंदीत घट दिसली नाही तर ती बंद करून डॉक्टरांशी दुसऱ्या प्रतिबंधक औषधाविषयी बोलावे.